हलके .२२ पिस्तूल: आधी ग्रिप, मग साइट, वजने सगळ्यांत शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी एअर पिस्तूल खेळत होती, आता २५ मीटरकडे वळते आहे. क्लबमध्ये तिच्या वाट्याला अ‍ॅल्युमिनियमच्या वरच्या भागाचे, जेमतेम ९५० ग्रॅम भरणारे .२२ स्पोर्ट पिस्तूल आले आहे. ‘फार हलके आहे, हातात नाचते’ अशी तिची तक्रार. वजने, नवी ग्रिप (मूठ), डॉट साइट (ठिपक्याने नेम दाखवणारी) आणि कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाशी बसणारा, उसळी कमी करणारा भाग) यांपैकी काय बसवायचे, आणि पैसे मोजकेच असतील तर आधी कशावर घालायचे?

आधी ग्रिपवर. जवळजवळ सगळे पैसे आणि सगळा वेळ ग्रिपवरच घाला. ‘हातात नाचते’ या तक्रारीवर दहातले आठ जण आधी वजन लावतात. पण नाचण्याचे कारण बहुधा वजनाची कमतरता हे नसते. ग्रिप हाताला बसलेली नसल्यामुळे पिस्तूल घट्ट आवळून धरावे लागते, आवळलेला हात थरथरतो, आणि ती थरथर हलक्या पिस्तुलात जास्त दिसते, इतकेच. वजन लावले की थरथर थोडी मंदावते आणि आजार बरा झाल्यासारखे वाटते. मग महिन्याभराने मनगट दुखू लागते.

काहीही विकत घेण्याआधी चौकट पाहून घ्या. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार २५ मीटर रिमफायर, म्हणजे .२२ काडतुसाच्या, पिस्तुलाचे वजन सगळ्या जोडण्या आणि रिकाम्या मॅगझिनसह १४०० ग्रॅमपर्यंत, बॅरल १५३ मिमीपर्यंत आणि पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर २२० मिमीपर्यंत चालते. ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा हवा. आणि अख्खे पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत मावले पाहिजे. साइट उघडीच हवी. डॉट, लेझर, दुर्बीण, आरसा यांतले काहीही चालत नाही. नियमपुस्तिकेत अधूनमधून बदल होतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला चालू आवृत्ती एकदा उघडून बघावी.

यातच दोन गोष्टी बाद झाल्या. डॉट साइट सामन्यात लावता येणार नाही, आणि सरावात लावली तर उघड्या साइटवर नजर फोरसाइटवर (नळीच्या तोंडाकडच्या पट्टीवर) रोखण्याची सवय मोडते, जी एअर पिस्तुलावर इतक्या कष्टाने लागलेली असते. कॉम्पेन्सेटरला काम करायला नळीच्या तोंडाशी वायूचा भरपूर दाब लागतो. .२२ लाँग रायफलच्या छोट्या काडतुसातून तो फारसा मिळत नाही. वर पुढच्या टोकाला वजन वाढते आणि नळीच्या लांबीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. अमेरिकन व्हिडिओंत रुगर मार्क फोर २२/४५ लाइटसारख्या पिस्तुलांवर डॉट, रेल, रंगीत कॉम्पेन्सेटर असे सगळे लादलेले दिसते. ते तिथे शोभते, कारण स्टील चॅलेंजसारख्या, लोखंडी पाट्यांवर वेगाने मारण्याच्या खेळात रिमफायर पिस्तुलाचा, अशा जोडण्या चालणारा ‘ओपन’ विभागच असतो. आपला खेळ निराळा आहे. त्या याद्या पाहून खरेदी करू नये.

आता ग्रिप. काम सुरू करण्याआधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी तपासा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण) घाला आणि ग्रिप पिस्तुलावरून पूर्ण उतरवा. ग्रिप चढलेली ठेवून कानस मारली तर लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत जातो. तेलात भिजून त्याचा लगदा होतो आणि ट्रिगर कधी जड, कधी हलका लागू लागतो. दोष मात्र ट्रिगरला दिला जातो.

पहिली तपासणी मापाची. ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, आणि क्लबच्या पिस्तुलावर बहुधा कोणा मोठ्या पुरुषाच्या हाताची ग्रिप असते. जाळी, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग, मागच्या खाचेत वरपर्यंत घट्ट गेला पाहिजे. हात जितका वर, तितकी नळी हाताच्या जवळ आणि तितकी उसळी कमी. त्या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर सरळ मागे दाबेल अशी पडली पाहिजे, आणि तर्जनीचा बाकीचा भाग लाकडापासून १-२ मिमी सुटा हवा. बोट लाकडाला घासत असेल तर ट्रिगर दाबताना ग्रिपही ढकलली जाते आणि शॉट डावीकडे जातात (डावखुऱ्याचे उजवीकडे). बहुतेक स्पोर्ट पिस्तुलांत ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकवता येते. आधी ती सरकवून पाहा. तरीही बोट पोचत नसेल तर ग्रिप मोठी आहे, आणि मोठी ग्रिप तासून लहान करण्यापेक्षा लहान मापाची घेऊन भरत जाणे सोपे पडते. जर्मनीतल्या रिंकसारख्या कारखान्यांच्या तयार ग्रिप चांगल्या असतात, पण महाग, आणि मागवून हातात यायला वेळ लागतो. जुनियर खेळाडूचा हात अजून वाढत असेल तर मूळ कंपनीची लहान ग्रिप आणि पुट्टी हेच शहाणपणाचे.

दुसरी तपासणी दिशेची. निशाणाकडे उभे राहून, डोळे मिटून पिस्तूल उचलायचे, दोन श्वास थांबायचे, मग डोळे उघडायचे. असे दहा वेळा करा आणि फोरसाइट रिअरसाइटच्या, म्हणजे मागच्या साइटच्या, खाचेत कुठे दिसते ते लिहून ठेवा. दर वेळी वेगळीकडे दिसली तर ग्रिप सैल आहे. दर वेळी एकाच बाजूला दिसली तर ग्रिपचा आकार पिस्तूल तिकडे वळवतो आहे. उजव्या हाताच्या खेळाडूला फोरसाइट सतत उजवीकडे दिसत असेल तर अंगठ्याच्या मुळाशी, ग्रिपच्या मागच्या डाव्या बाजूला, पातळ थर भरायचा, किंवा उजवीकडच्या तळव्याच्या मागच्या भागातून थोडे लाकूड काढायचे. डावीकडे दिसत असेल तर नेमके उलट. फोरसाइट सतत वर दिसत असेल तर मनगटाकडचा तळवा ग्रिपच्या पाठीचा खालचा भाग पुढे ढकलतो आहे. तिथून काढा. खाली दिसत असेल तर तिथेच भरा. काही पिस्तुलांना ग्रिपचा कोन बदलण्याचा स्क्रू असतो. तो असेल तर कानशीच्या आधी तो वापरा, कारण स्क्रू परत फिरवता येतो, काढलेले लाकूड परत येत नाही.

काढण्याचे काम असे करावे. हाताला लिपस्टिकचा अगदी पातळ हात फिरवा, नेहमीसारखी पकड घ्या आणि सोडा. लाकडावर जिथे गडद डाग पडतो तिथे दाब जास्त, जिथे काहीच उमटत नाही तिथे पोकळी. गडद डागावर अर्धगोल कानस, मग ८० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर. एका वेळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि दर वेळी पुन्हा डाग घेऊन बघायचे. बोटांच्या खाचा खोल करण्याचा मोह आवरा. खोल खाचा दुकानात हाताला छान वाटतात, पण उन्हात हात सुजला की बोटे त्यांत बसत नाहीत आणि पकड रोज बदलते.

भरण्यासाठी बाजारातली दोन भागांची इपॉक्सी पुट्टी चालते, एम-सील सगळीकडे मिळते. जागा पॉलिश पेपरने खरखरीत करा आणि स्पिरिटने पुसा, नाहीतर हाताच्या तेलामुळे थर महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटून येतो. दोन्ही भाग रंग एकजीव होईपर्यंत मळा, हातमोजे घालूनच, कारण कच्ची इपॉक्सी काहींच्या कातडीला चावते. थर लावून त्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म ताणून बसवा. मग ग्रिप पिस्तुलावर चढवून नेहमीच्या पवित्र्यात, हात सरळ लांबवून पकड घ्या. टेबलावर हात टेकून ठसा घेऊ नका. कोपर वाकलेले असताना तळव्याचे स्नायू वेगळे फुगतात आणि मिळालेला ठसा उभे राहिल्यावर जुळत नाही. तीन-चार मिनिटे पुरतात. मध्ये हात खाली घेतला तरी पकड मोडू नये. ग्रिप उतरवून एक दिवस वाळू द्या, मग कडा घासा.

तळव्याखालच्या सरकत्या फळीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त बिघाड तिथे होतो. ती हाताला आधार देण्यासाठी असते, हात चेपण्यासाठी नाही. फळी इतकीच वर आणा की ती तळव्याच्या कडेला टेकेल आणि तरी एक-दोन मिलिमीटर वाव राहील. घट्ट केली की पहिल्या दहा शॉटला हात कसा वज्रासारखा वाटतो, आणि तासाभरात करंगळी बधिर होते. फळीचा कोन ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी नसावा, तिची कड वर वळलेली नसावी आणि अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. हे तिन्ही नियमात आहे. मनगटही पूर्ण मोकळे दिसले पाहिजे. पुट्टीचा थर मागे वाढवत नेला तर नकळत मनगटाला टेकतो आणि उपकरण तपासणीत पिस्तूल परत येते.

ग्रिप जमली की नाही हे कोऱ्या टार्गेटवर कळते, काळ्या वर्तुळावर नाही. कोऱ्या कागदावर पाच शॉटच्या चार सिरीज मारा, आणि प्रत्येक सिरीजनंतर पकड न सोडता हाताकडे बघा. पाचव्या शॉटला हात पहिल्या शॉटच्या जागीच आहे का? जाळी खाली सरकलेली असेल तर खाच उथळ आहे. पिस्तूल हातात फिरलेले असेल तर तळव्याच्या मधल्या खळग्यात पोकळी आहे, तिथे भरा. २५ मीटर महिला प्रकारात दोन टप्पे असतात, सावकाश प्रिसिजन आणि झटपट रॅपिड. रॅपिडच्या टप्प्यात हात ४५ अंशांवर खाली, ३ सेकंद टार्गेट समोर, ७ सेकंद विश्रांती, असा पाच वेळा खेळ चालतो. मध्ये पकड दुरुस्त करायला सवड नसते, म्हणून ही तपासणी रॅपिडच्या लयीतही करावी.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात अक्रोडाची ग्रिप फुगते आणि हिवाळ्यात आकसते, त्यामुळे ग्रिपचा स्क्रू सैल होतो. स्क्रूच्या डोक्यावरून लाकडावर नेलपॉलिशची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे हे लगेच कळते. चकचकीत वार्निश लावू नका, घामात निसटते. कच्च्या लाकडाला जवसाचे तेल पातळ चोळून दोन दिवस वाळवले की पुरते. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.

ग्रिप बदलल्यावर दोन-तीन आठवडे दुसरे काहीही बदलायचे नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने वाढले आणि कशाने घसरले ते कधीच कळत नाही.

मग साइट. इथे थोडे गणित कामाचे आहे. साइटमधले अंतर २२० मिमी आणि टार्गेट २५ मीटरवर, म्हणजे फोरसाइट खाचेत ०.१ मिमी इकडेतिकडे झाली की गोळी सुमारे ११ मिमी सरकते. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ ५० मिमी व्यासाचे, म्हणजे मध्यापासून २५ मिमी. साइटची चूक ०.२२ मिमी झाली की दहा गेला. याउलट अख्खा हात सरळ समांतर २५ मिमी सरकला तरच तेवढेच नुकसान होते. म्हणून काळ्या वर्तुळाखाली पिस्तूल तरंगते याची भीती धरू नये. फोरसाइटच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे की नाही, तेवढेच पाहायचे.

हा उजेड किती असावा? सुरुवातीला प्रत्येक बाजूला फोरसाइटच्या रुंदीच्या पाव ते तृतीयांश इतका दिसावा. हात आखूड असेल तर रिअरसाइट डोळ्याजवळ येते आणि तीच खाच रुंद भासते. उदाहरण घ्या: फोरसाइट ४ मिमी, खाच ४.५ मिमी. डोळ्यापासून रिअरसाइट ६२ सेंमीवर असेल तर दोन्ही बाजूंना फोरसाइटच्या पावभर उजेड दिसतो. ५२ सेंमीवर असेल तर जवळजवळ तीस टक्के. म्हणजे उंच कोचने स्वतःच्या डोळ्याला जुळवलेली खाच तुमच्या मुलीला सैल वाटणार. खाचेची रुंदी बदलणारा स्क्रू असेल तर तो तिच्याच डोळ्याने लावावा. बंदिस्त, कमी उजेडाच्या रेंजवर खाच थोडी रुंद, भर दुपारी उघड्या रेंजवर थोडी अरुंद. रुंद केल्याने नेम ढिला होतो ही समजूत खरी नाही. डोळा दोन सारख्या पट्ट्या चटकन जुळवतो, पण केसाएवढ्या दोन फटींमध्ये फरक करताना थकतो.

साइट चमकत असेल तर गोळी बाजूला सरकते, कारण डोळा चमकणारी कड पट्टीचाच भाग नाही असे धरतो. त्यावर मॅट काळा स्प्रे किंवा काजळी हा उपाय. कापराची काजळी दाट आणि मऊ बसते, पण फोरसाइटची पट्टी सोडवून, दारूगोळ्यापासून दूर, घरी करायचे काम आहे ते. रेंजवर आगकाडी ओढू नये.

क्लिकबाबत एक सावधगिरी. काही युरोपीय साइटवरची अक्षरे ‘गोळी तिकडे न्या’ असे सांगत नाहीत, ‘गोळी तिकडे जात असेल तर असे फिरवा’ असे सांगतात. कोणती पद्धत आहे ते अंदाजाने ठरवू नका. पाच शॉट मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा पाच मारा आणि दोन ग्रुपच्या मध्यांमधले अंतर दहाने भागा. एका क्लिकला किती मिलिमीटर आणि कुठल्या दिशेने, दोन्ही उत्तरे एकाच वेळी मिळतात.

प्रिसिजन आणि रॅपिडचे टार्गेट वेगळे असते हेही लक्षात घ्या. प्रिसिजनचे काळे वर्तुळ २०० मिमीचे, रॅपिडचे ५०० मिमीचे, आणि रॅपिडमधला दहा १०० मिमी व्यासाचा. प्रिसिजनमध्ये काळ्याच्या खाली नेम धरणारी खेळाडू रॅपिडमध्ये मध्यावर नेम धरत असेल, तर तीच सेटिंग ठेवल्यावर गोळ्या १०० मिमीपेक्षा जास्त वर जातात आणि दहाच्या बाहेर पडतात. दोन टप्प्यांमधला क्लिकचा फरक आधीच मोजून डायरीत आणि पिस्तुलाच्या पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावा.

ट्रिगर. नियमाची किमान मर्यादा १००० ग्रॅम, म्हणून सेटिंग १०२० ते १०५० ठेवा. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला एक किलोचे वजन टांगून उचलतात. काठावरचा ट्रिगर घरी उचलतो आणि सामन्याच्या सकाळी, तेल पातळ झाल्यावर, उचलत नाही. एअर पिस्तुलाच्या ५०० ग्रॅमची सवय असलेल्या मुलीला हे दुप्पट जड लागणारच. हलक्या पिस्तुलात इथेच खरी गोम आहे: पिस्तूल ९५० ग्रॅमचे आणि बोटाचा दाब १००० ग्रॅमचा. पिस्तुलाच्या वजनापेक्षा जास्त बळ बोट लावते, म्हणून दाब जरासा तिरका पडला तरी तोंड हलते. जड पिस्तूल हा दोष झाकते, हलके उघडा पाडते. शिकण्याच्या काळात उघडा पडणे मला तरी बरे वाटते.

दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्यावर ६५० ते ७५० ग्रॅम आणि उरलेले दुसऱ्यावर, अशी विभागणी बहुतेकांना मानवते. ती कंपनीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या स्क्रूंनी, एका वेळी पाव फेरा अशीच बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर वजन टांगून पाहावे. दुसरा टप्पा ‘काचेसारखा’ करण्याच्या नादात सिअरची, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या भागाची, पकड कमी करू नका. पकड कमी पडली की बोल्ट बंद होताना पिस्तूल आपोआप उडू शकते, किंवा एका दाबात दोन गोळ्या सुटतात. असे एकदा जरी झाले तरी पिस्तूल खाली ठेवा आणि आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. सिअरला घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावणे सर्वस्वी वर्ज्य. दाबानंतर ट्रिगर किती मागे जातो तो थांबा मात्र जरूर जुळवा, पण सुटल्यानंतर अगदी थोडी हालचाल उरू द्या. शून्यावर आणला तर उष्णतेने किंवा कचऱ्याने एखाद दिवशी ट्रिगर सुटतच नाही.

ड्राय प्रॅक्टिस (गोळीशिवाय सराव) करताना रिमफायरची फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटू शकते आणि तिथे खाच पडली की काडतुसांची रिकामी खोकी अडकू लागतात. पिस्तुलात ड्राय फायरची सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर कंपनीचा प्लग किंवा स्नॅप कॅप (नकली काडतूस).

आता वजने. वर सांगितलेले सगळे झाले, दोन-तीन आठवडे गेले, तरी पिस्तूल हलके वाटतेच आहे, तर लावा. पण कुठे लावता यावर सगळे आहे. समजा पिस्तूल १००० ग्रॅमचे आणि त्याचा गुरुत्वमध्य हाताच्या पुढे ६ सेंमीवर. मनगटावरचा भार ६००० ग्रॅम-सेंमी. ५० ग्रॅमचा तुकडा हातापुढे २० सेंमीवर, म्हणजे नळीच्या तोंडाजवळ, लावला तर त्यात १००० ची भर पडते. एकूण वजन पाच टक्क्यांनी वाढले, मनगटावरचा भार जवळजवळ सतरा टक्क्यांनी. तोच तुकडा ट्रिगर गार्डच्या पुढे, ८ सेंमीवर लावला तर भर फक्त ४०० ची. म्हणून सुरुवात मागून करावी आणि गरज वाटली तरच पुढे सरकावे.

प्रयोगासाठी कंपनीची महाग वजने घेऊ नका. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायच्या चिकट पट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांच्या. फ्रेमच्या किंवा नळीच्या आवरणाच्या खालच्या बाजूला चिकटवून जागा आणि आकडा शोधायचा, मग तितक्याच वजनाचा पक्का तुकडा स्क्रूने बसवायचा. पट्टी शिशाची असेल तर नंतर हात धुवायचे. हलणाऱ्या भागावर, म्हणजे बोल्टवर किंवा स्लाइडवर, काहीही चिकटवायचे नाही. ब्लोबॅक पिस्तुलात, म्हणजे काडतुसाच्या धक्क्यानेच बोल्ट मागे जाणाऱ्या पिस्तुलात, बोल्टचे वजन आणि स्प्रिंग यांचा मेळ काडतुसाच्या जोराशी घातलेला असतो. बोल्ट जड झाला की तो पूर्ण मागे जात नाही आणि खोके उडण्याऐवजी दारात अडकते.

पायरी २० ते ३० ग्रॅमची. फोरसाइट बारीक आणि भरभर थरथरत असेल तर थोडे पुढचे वजन कामी येते. नेम धरून थांबण्याच्या शेवटी फोरसाइट हळूहळू खाली झुकत असेल तर वजन जास्त झाले. प्रिसिजनचे ३० शॉट पूर्ण मारा आणि पहिल्या दहांचा आणि शेवटच्या दहांचा मध्य तुलना करून बघा. शेवटचे दहा स्पष्ट खाली असतील तर एक पायरी मागे या. रॅपिडमध्ये हात टार्गेटच्या वर जाऊन परत येत असेल तर पुढचा भाग जड आहे. महिलांच्या प्रकारात रॅपिडला एका वेळी एकच शॉट असतो, उसळीनंतर पुन्हा नेम धरायला ७ सेकंद मिळतात. त्यामुळे उसळी दाबण्यासाठी वजन वाढवण्याचे कारण इथे फारसे उरत नाही. स्टँडर्ड पिस्तूल या दुसऱ्या प्रकारात १० सेकंदांत पाच शॉट मारायचे असतात, तिथे मात्र वजनाचा फायदा खरा असतो. ती दोन्ही प्रकार खेळणार असेल तर सहज काढता येणारे एकच वजन ठेवा आणि दोन्ही वेळचे क्लिक वेगळे लिहा. वजन बदलले की गोळी लागण्याची जागाही थोडी बदलते.

हलक्या पिस्तुलाच्या बाबतीत दारूगोळ्याची निवडही जोडण्यांइतकीच महत्त्वाची. स्टँडर्ड वेगाचीच काडतुसे वापरा. अतिवेगवान काडतुसे उसळी वाढवतात, बोल्टच्या मागचा बफर लवकर चेपतात आणि २५ मीटरवर काहीही जास्तीचे देत नाहीत. बफर हा स्वस्त भाग आहे. त्यावर भेग दिसली की बदला आणि एक सुटा जवळ ठेवा.

मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे आहे ना ते बघा. मागे अडकली तर तिसऱ्या-चौथ्या शॉटला हमखास अडथळा. मॅगझिनच्या ओठांवर गोळीचे मेण साचते, ते दर सरावानंतर सुक्या कापडाने पुसा. तेल नको. काडतूस न फुटण्याच्या तक्रारीत बहुतेकदा दोषी असते ते बोल्टच्या आत साचलेले तेल आणि काजळी, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा गंजाच्या भीतीने सगळे जण तेलाचा हात सैल सोडतात. एक-दोन थेंब पुरे. प्रत्येक ३० शॉटच्या टप्प्यात बिघाडाची सवलत एकदाच मागता येते, आणि बिघाड झाल्यावर खेळाडूने स्वतः बोल्ट ओढला तर तीही जाते. आधी हात वर करायचा, हे मुलीला पक्के सांगून ठेवा. ऐन स्पर्धेत यंत्राने दगा देणे मोठमोठ्यांच्या वाट्याला येते. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला होता.

कायद्याचे एक बघून घ्या. पिस्तूल क्लबच्या परवान्यावर आहे, तेव्हा पुट्टीचा पहिला थर लावण्याआधी क्लबची लेखी संमती घ्या, आणि मूळ ग्रिप जशीच्या तशी पिशवीत घालून परत द्यायला ठेवा. ग्रिप, साइटची पट्टी, स्क्रूने बसणारे वजन, हे खेळाडू आणि कोचच्या हातचे काम. नळी, चेंबर, बोल्ट, सिअर यांना हात लावायचा तो परवानाधारक आर्मररनेच. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि रूपांतर परवान्याशिवाय करता येत नाही, आणि नळी आखूड करणे हा तर स्वतंत्र कलमाचा विषय आहे.

शेवटी पेटी. ३०० × १५० × ५० या मापाचा खोका पुठ्ठ्याचा घरीच बनवा. पिस्तुले लांबीत क्वचित अडतात. अडतात ती ५० मिमीच्या जाडीत, कारण तळव्याच्या बाजूला पुट्टीचे थर चढत जातात आणि पलीकडे अंगठ्याचा टेकू असतोच. फळी पूर्ण बाहेर सरकवलेली असेल तर तीही यात मोजली जाते. कॅलिपरने ग्रिपची सर्वांत रुंद जागा मोजा आणि ४९ च्या आत ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगले की तो एक मिलिमीटर कामी येतो.